आप्पांची तिसरी

"हे ते झाड नव्हे," मी म्हणाले.

आप्पांचा चेहरा पडला. अनंतगुरुजींनी खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं आणि झुडपाकडे पुन्हा एकदा पाहिलं. फुलं तर पांढरी दिसताहेत, मग ही बाई नाही का म्हणते, असा भाव त्यांच्या तोंडावर होता.

आम्ही तिघं सीनेच्या काठच्या हिवरबनात उभे होतो. बन म्हणायचं आपलं. पायाखाली नदीने वर्षानुवर्षं आणून टाकलेली वाळू, डोक्यावर हिवर आणि बाभळींची विरळ सावली, आणि मधल्या मोकळ्या जागांत रुईची झुडपं. वैशाखातलं ऊन सकाळीच तापलं होतं. बाकी सगळं करपून गेलेलं, रुई तेवढी जाडजूड पानं पसरून मजेत उभी होती.

मी एक फूल तोडून गुरुजींच्या पुढे धरलं. लांबून पांढरं दिसतं खरं, पण पाकळीच्या टोकाला आतून जांभळा डाग आहे, पाकळ्या उभ्या आहेत, आणि वासही येतोय. ही लहान रुई. पांढऱ्या रुईच्या, म्हणजे मंदाराच्या, पाकळ्या सपाट पसरलेल्या असतात, टोकं खाली वळलेली, आणि जांभळ्याचा नखभरही अंश नसतो, अगदी कळीतसुद्धा. हे सगळं मी कॉलेजात सांगते तसं व्यवस्थित सांगितलं आणि सांगता सांगता माझं मलाच कसंतरी झालं. कारण ते झाड आम्हाला काही प्रयोगवहीत चिकटवायला नको होतं. ते हवं होतं लग्नाला. माझ्या वडिलांच्या लग्नाला, नवरी म्हणून.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी थट्टा करतेय.

आप्पा म्हणजे रत्नपारखी सर. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी शास्त्र शिकवण्यात घालवली. ग्रहण लागलं की अख्खी शाळा मैदानावर आणून बसवायचे, काजळी धरलेल्या काचेतून सूर्य दाखवायचे आणि ऐन ग्रहणात पोरांना शेंगदाणे-गूळ वाटायचे. कुणाचं काय बिघडतंय ते बघू या, म्हणायचे. अनंतगुरुजी आता गावचे भटजी, पण त्यांचेच विद्यार्थी. सूर्याला राहू गिळतो म्हणाले म्हणून आप्पांनी त्यांना बाकावर उभं केलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत. त्याच अनंताला आता आप्पा "गुरुजी, मग कसं करायचं?" असं विचारत होते, आणि मला वाटत होतं या वाळूने मला इथल्या इथे पोटात घ्यावं.

आप्पांच्या दोन बायका गेल्या. पहिल्या सरलाआई, त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय. दुसरी माझी आई. ती गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्यानंतर आप्पांनी मला एकट्याने वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, मला शिकवून बॉटनीची प्राध्यापक केलं, आणि निवृत्त झाल्यावर, माझं लग्न होऊन मी नगरला संसारात रमल्यावर, एके दिवशी अडखळत सांगितलं की शरयूशी लग्न करावं म्हणतोय. शरयू बडवे म्हणजे गावातल्या बालवाडीच्या बाई. भावाच्या मुलांचं करता करता त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. मला आधी हसू आलं आणि मग खूप बरं वाटलं. माझ्या नवऱ्याने तर पेढे आणले.

आणि मग कॉलेजच्या ऑफिसात आप्पांचा फोन आला. तिसरं लग्न माणसाला लाभत नाही म्हणतात, तिसरी बायको टिकत नाही. म्हणून आधी गावाबाहेर जाऊन पांढऱ्या रुईशी लग्न लावायचं. अर्कविवाह. ती रुई झाली तिसरी. जे काही वाईट यायचं ते तिच्यावर जातं, ती वाळून जाते, आणि नंतर घरात येते ती बाई चौथी. आप्पा हे इतक्या गंभीरपणे सांगत होते की मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघत राहिले. शरयूच्या भावाचा हट्ट आहे, ते म्हणाले, विनायकराव ऐकतच नाहीत. गुरुजींनी एक झाड बघून ठेवलंय पण मला खात्री वाटत नाही. तू ये आणि ओळखून दे. त्याशिवाय मी शरयूला घरात आणायचा नाही.

शेवटच्या वाक्यामुळे मी आले. पुढचा रविवार चुकला तर लग्नाचे मुहूर्त संपत होते, आणि आप्पांचं मोडलं असतं तर ते पुन्हा काही बोलले नसते. शरयूताई आयुष्यभर भावाच्या स्वयंपाकघरात राहिल्या असत्या. तेव्हा लाज गुंडाळून ठेवली आणि एसटी पकडली. घरून निघताना नवऱ्याने विचारलं, नव्या सासूबाईंना खत कोणतं चालतं? मी त्याच्याशी बोलले नाही.

तर ते झाड चुकीचं निघालं. मी गप्प बसले असते तर ते चाललंही असतं. गुरुजींना फरक कळत नव्हता, आप्पांना फुलाच्या आतलं दिसण्याइतके डोळे राहिले नव्हते. पण मला काही ते जमेना. वडिलांचं लग्न झाडाशी लागणार याची शरम होतीच, पण निदान चुकीच्या झाडाशी तरी लागू नये, असा काहीतरी वेडा अभिमान मला चढला. मी साडीचा पदर खोचून बनात शिरले. जांभळ्या रुया ओलांडत, कळ्या फोडून बघत, बोटांना चीक लागून ती चिकट झाली तरी हिंडत राहिले. नदीच्या बाजूला, एका मोठ्या हिवराच्या पलीकडे ती सापडली. पुरुषभर उंच. फुलं अगदी स्वच्छ पांढरी, पाकळ्या सपाट. मी कळी फोडली, आतला मुकुट पाहिला. कुठे डाग नाही.

"आप्पा, ही," मी हाक मारली.

आप्पा वाळूत पाय रोवत आले. त्यांनी झाडाला हात लावला नाही. लांबूनच बघत म्हणाले, "नक्की ना हेमे? नीट बघ. यात चूक चालायची नाही."

"नक्की."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

रविवारी सकाळी लग्न लागलं. गावात बभ्रा नको म्हणून उजाडताच निघालो होतो, पण बभ्रा टाळायचा तर नुसती वाजंत्री नसून भागत नाही, पळी-पंचपात्रीही नसावी लागते. बनात शेळ्या घेऊन आलेल्या दोन बाया हिवराखाली टेकल्या आणि उठायलाच तयार होईनात. सायकलवरून चाललेले आप्पांचेच दोन जुने विद्यार्थी थांबले, "नमस्कार सर" म्हणाले आणि मग काय चाललंय ते लक्षात आल्यावर ना त्यांना जाता येईना ना थांबता येईना.

गुरुजींनी झुडपाला हळद-कुंकू लावलं, सुती धाग्याने वेढलं, पिवळं वस्त्र नेसवलं. मुलीचा बाप म्हणून ते स्वतःच उभे राहिले. अंतरपाट धरायला दोन माणसं हवी होती. एक टोक विनायकरावांनी धरलं आणि दुसरं माझ्या हातात आलं. अलीकडे आप्पा, मुंडावळ्या नाहीत पण डोक्यावर टोपी आणि खांद्यावर उपरणं. पलीकडे रुई. मधे मी. मंगलाष्टकं चालू असताना एका शेळीवालीने मोठ्याने विचारलं की लगीन कुणाचं हाय, नवरी कुठंय? गुरुजींनी मंगलाष्टकांचा आवाज चढवला. त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने मान खाली घातली. तो हसू दाबत असता तर मला राग आला असता, आणि राग परवडला असता. पण त्याला वाईट वाटत होतं. आपल्या सरांचं असं झालेलं त्याला बघवत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पांनी काळ्या मण्यांचा सर फांदीला बांधला. गाठ बसेना. कुणी मदत करायला पुढे झालं नाही आणि मीही झाले नाही.

सगळं उरकल्यावर आप्पा आणि गुरुजी पुढे गेले, आणि मागे मी विनायकरावांवर घसरले. एवढा शिकलेला माणूस, तुमच्या हट्टापायी आज गावाच्या हसण्याचा विषय झाला, समाधान झालं ना तुमचं, असं बरंच काही बोलले. ते बिचारे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "हेमाताई, माझा कसला हट्ट? मी तर म्हटलं होतं, नगरला जाऊन रजिस्टर करून टाका. तुमचे आप्पाच आठवडाभर गुरुजींच्या पायरीवर बसून होते. हे झाल्याशिवाय लग्न नाही म्हणाले."

दुसऱ्याच्या हट्टासाठी आप्पांनी मान वाकवली, हे मी कसंबसं गिळलं होतं. पण हे त्यांच्या मनातूनच आलेलं, आणि वर माझ्याशी खोटं बोलले. ज्या माणसाने माझ्या लहानपणी घरात देव्हारासुद्धा ठेवला नाही, तो म्हातारपणी असा झाला म्हणजे मी काय समजायचं? त्या दिवशी दुपारी घरी साधेपणाने खरं लग्न लागलं. शरयूताई मोतिया रंगाच्या साडीत इतक्या अवघडून बसल्या होत्या की माझं त्यांच्याशी धड बोलणंही झालं नाही. संध्याकाळच्या एसटीने मी निघाले आणि आप्पांचा निरोप न घेता निघाले.

महिनाभराने पुन्हा कॉलेजात फोन. आप्पांचा आवाज बारीक झाला होता. "हेमे, ये गं. झाड वाळत नाही."

"कुठलं झाड?" मी मुद्दामच विचारलं.

ते म्हणाले, रोज सकाळी लवकर जाऊन लांबूनच बघून येतो. एक पानही पिवळं पडलं नाही. उलट नवी पालवी फुटलीय. तू ओळखण्यात चूक तर केली नाहीस ना?

खरं सांगते, त्या वेळी मला इतर सगळ्यापेक्षा या शेवटच्या वाक्याचा राग आला. मी शनिवारी गावी गेले ते भांडायलाच. रात्री शरयूताईंनी गरम भाकरी वाढली, माझ्या आवडीची म्हणून शेपूची भाजी केली होती, आणि आप्पा त्यांच्याकडे सारखे चोरून बघत होते. त्या खोकल्या तरी हातातला घास थांबायचा. मला तो प्रकार समजला नाही. थोडा किळसवाणाच वाटला, म्हातारपणी हे काय, असं.

सकाळी शरयूताई विहिरीवर गेलेल्या असताना आम्ही दोघं निघालो. आप्पांच्या हातात कापडी पिशवी होती, जड दिसत होती. मी विचारलं तर काही नाही म्हणाले.

बनात पोचलो. रुईच्या अंगावरचं पिवळं वस्त्र उन्हाने विटलं होतं, मण्यांचा सर तसाच होता, आणि झाड खरंच दृष्ट लागेल असं झालं होतं. मी फूल तोडलं, कळी फोडली, आप्पांच्या डोळ्यांसमोर धरली.

"हीच आहे ती. शंभरदा विचारलंत तरी हीच आहे. आणि रुई वाळत नसते, आप्पा. दुष्काळात गुरं मेली तेव्हा माळावर हीच हिरवी उभी होती. शास्त्राचे मास्तर ना तुम्ही? झाड लग्नामुळे वाळेल असं वाटतं तुम्हाला?"

आप्पा खाली बसले. वाळूत, चक्क मांडी घालून. मी आणखी बोलणार होते. इतक्या दिवसांचं साठलं होतं. माझ्या कॉलेजात ही गोष्ट पोचलीय, मुलं मागे कुजबुजतात, हे सांगायचं होतं.

"सरलाला कावीळ झाली तेव्हा गावातला वैद्य पाला देतो म्हणाला," आप्पा बोलू लागले. "मी त्याला हाकलून दिलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेली. तिथे गेली. लोक म्हणाले, याच्या पत्रिकेत आहे. मी म्हणालो, योगायोग. मग तुझी आई. ताप डोक्यात गेला. तिची आई म्हणत होती, एकदा देवीला साडी नेसव. मी त्या म्हातारीशी भांडलो. तुझी आई गेली. मी म्हणालो, योगायोग."

त्यांनी वाळूची मूठ भरली आणि सोडली.

"हेमे, आजही मी तेच म्हणतो. योगायोगच आहे. मला पुरतं माहीत आहे. पण रात्री उठून शरयूचा श्वास चालू आहे ना ते बघत बसतो. तिसऱ्यांदा मला तो प्रयोग करून बघायचा नाही गं. शरयूवर नाही."

इतकी वर्षं मी ज्यांना ओळखत होते ते आप्पा देव न मानणारे, हसणारे, ग्रहणात शेंगदाणे वाटणारे. रात्री उठून शेजारी झोपलेल्या बाईचा श्वास चालू आहे ना हे बघणारा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्या आईच्या वेळीही त्यांनी असंच पाहिलं असेल का, हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी उभी होते ती त्यांच्या शेजारी बसले.

मग त्यांनी पिशवी पुढे ओढली. आत मीठ होतं. जाडं मीठ, काठोकाठ.

"मुळाशी घालतो," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "किती लागेल, ते तू सांग."

तेवढ्यात माझं लक्ष झाडाच्या बुंध्याकडे गेलं. आजूबाजूची सगळी वाळू कोरडी, पांढरीफटक. बुंध्याभोवती मात्र हाताने नीट आळं केलेलं होतं आणि आळ्यातली वाळू काळी होती, ओली. मी बोट घालून बघितलं. कालचंच पाणी होतं.

आप्पांनाही दिसलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असताना मागे पावलं वाजली.

शरयूताई होत्या. कमरेवर भरलेली कळशी, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि आम्हाला बघून जागच्या जागी थबकलेल्या. चोरी पकडली जावी तशा त्या लाल झाल्या.

"अहो, तुम्ही सकाळी येऊन जाता ते मला माहीत होतं," त्या आप्पांना म्हणाल्या. "म्हणून मी मागाहून येते."

"तू पाणी घालतेस?" आप्पांनी विचारलं.

"मग काय करू? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बघायला आले तर ही नवी साडी नेसून एकटी उन्हात उभी. कुणी मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं." त्यांनी कळशी खाली टेकवली आणि माझ्याकडे वळल्या. "हेमा, तू हसशील. शिकलेली आहेस. पण माझ्या मनातून जाईना. सरलाताईंचं, तुझ्या आईचं मला काही करता आलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी यांना ओळखतही नव्हते. ही तर माझ्यासाठीच मरायला ठेवलेली. माझ्या जिवासाठी कुणी मरायला नको, झाड असलं तरी. एवढंच."

मी हसले नाही. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि आप्पांकडे तर मुळीच नाही.

मग शरयूताईंची नजर पिशवीकडे गेली. त्या वाकल्या, दोन बोटांनी चिमूट उचलून जिभेला लावली. सगळं कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. आप्पा वाळूत मांडी घालून बसलेले तसेच, मान खाली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"शरयू, तू राहावीस म्हणून," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी कळशी उचलली आणि सगळं पाणी सावकाश आळ्यात ओतलं, थेंब न सांडता. रिकामी कळशी माझ्या हातात दिली. दुसऱ्या हाताने आप्पांना दंडाला धरून उठवलं, त्यांच्या धोतराची वाळू झटकली.

"राहीन हो, जमेल तेवढी," त्या म्हणाल्या. "ती पिशवी घ्या. घरात चिमूटभर मीठ नाही, आणि मी पहाटे सगळे डबे उपसून पाहिले."